फायबरचा टायमिंग गिअर कापण्यापूर्वी : कापड-बेकेलाइटचे शीट कसे तपासावे

जुन्या मोटारीच्या इंजिनाचे पुढचे झाकण उघडले, की क्रँकशाफ्टच्या टोकाला पोलादाचा लहान गिअर आणि त्याच्याशी जुळलेला, कॅमशाफ्टवरचा तपकिरी रंगाचा मोठा गिअर दिसतो. हाच टायमिंग गिअर, व्हॉल्व्ह योग्य वेळी उघडावेत म्हणून कॅमशाफ्ट फिरवणारा. नखाने टोकले तर तो लाकडासारखा बद्द आवाज देतो, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते की कोणीतरी वेळ मारून नेण्यासाठी लाकडी चाक बसवले असावे. प्रत्यक्षात अनेक इंजिनांत कारखान्यातूनच असा गिअर बसून आलेला असतो. सुती कापडाचे थर फिनॉल-फॉर्माल्डिहाइडच्या राळेत, म्हणजे बेकेलाइटमध्ये, भिजवून, त्यांना उष्णता आणि दाब देऊन एकजीव केलेल्या जाड शीटमधून किंवा गोल चकतीतून तो कापतात. वर्कशॉपमध्ये कोणी त्याला फायबर म्हणतात, कोणी टफनॉल, आणि आमच्या सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत बहुतेक जण सरसकट हायलम म्हणतात.

असा गिअर तुटला की मालक तुकडे कागदात गुंडाळून आणतो आणि ‘हायलमचा नवा कापून द्या’ एवढेच सांगतो. कापणे हा त्यातला सोपा भाग आहे. हातातले शीट त्या जागी टिकेल की नाही, हे आधी ठरवणे अवघड आहे, आणि हा लेख त्याविषयीच आहे. शीटबरोबर आलेल्या कागदावरचे आकडे सपाट, कोरड्या, थंड पट्टीचे असतात. दात्याचे आयुष्य मात्र गरम तेलात, उलटसुलट धक्के खात जाते, म्हणून चाचण्यांचा क्रमही शीटकडून पट्टीकडे, पट्टीकडून दात्याकडे आणि दात्याकडून फिरत्या गिअरकडे असा ठेवावा.

धातू सोडून कापड कशासाठी

कॅम जेव्हा व्हॉल्व्ह उघडतो, तेव्हा स्प्रिंग त्याला विरोध करते. व्हॉल्व्ह मिटताना तीच स्प्रिंग कॅमला पुढे ढकलते. त्यामुळे कॅमशाफ्टवरचा पीळ प्रत्येक फेऱ्यात अनेकदा दिशा बदलतो आणि दोन गिअरांच्या दात्यांमधल्या मोकळ्या जागेत, म्हणजे बॅकलॅशमध्ये, दाते एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला आपटतात. पोलादावर पोलाद असेल तर याचाच खडखडाट ऐकू येतो. कापड-बेकेलाइट पोलादापेक्षा सुमारे तीस पट लवचीक असते, म्हणून आपटणारा दाता किंचित वाकतो, भार शेजारच्या दात्याशी वाटून घेतो आणि आवाज गिळतो.

याच कारणासाठी बेकेलाइटच्या आधी कच्च्या चामड्याच्या चकत्या दाबून केलेले गिअर वापरात होते. ते आवाज करत नसत, पण ओल आणि उष्णता यांपुढे टिकत नसत. लिओ बेकलंड यांनी उष्णता आणि दाबाने ही राळ पक्की करण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी १९०७ मध्ये अर्ज केला, १९०९ मध्ये आपला शोध जाहीर केला, आणि त्यानंतर कापड व राळ यांची जोडी जुळली. फॉर्मायका हे नाव आज आपल्याला टेबलाच्या पृष्ठभागावरून माहीत आहे. परंतु १९१३ मध्ये ती कंपनी विजेच्या इन्सुलेशनसाठी सुरू झाली आणि १९२० च्या दशकात मोटारींचे टायमिंग गिअर हा तिचा मोठा धंदा होता. फोर्डच्या मॉडेल ए या १९२८ ते १९३१ मधल्या गाडीतही कॅमशाफ्टवर असाच गिअर होता. त्या इंजिनाचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये बाजूला असल्यामुळे गिअरचे दाते उडाले तरी पिस्टन व्हॉल्व्हवर आदळत नाही, गाडी फक्त जागच्या जागी थांबते. ज्या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भिडू शकतात, तिथे पुढच्या चाचण्या दुप्पट काळजीने कराव्यात.

शीट खरोखर कापडाचेच आहे का

फिनॉलिक शीट कागदाचेही मिळते आणि कापडाचेही. वरून दोन्ही तपकिरी आणि गुळगुळीतच दिसतात. एकदा मला आलेले पंचवीस मिलिमीटर जाडीचे शीट मी विश्वासाने हॉबिंगला, म्हणजे दाते कापायला, लावले आणि दोन गिअर कापून झाल्यावर, दाते कडेने बिस्किटासारखे झडू लागले तेव्हा, ते कागदाचे असल्याचे समजले. पुरवठादाराने पैसे परत दिले, पण दोन दिवसांचे काम गेले. तेव्हापासून शीट आत आले की सर्वांत आधी त्याची एक कड करवतीने कापून, पाण्यात भिजवलेल्या ४०० आणि मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासून पाहण्याची सवय लागली.

कड चकचकीत झाली की ती भिंगाखाली धरावी. सोलापुरात यासाठी वेगळे भिंग विकत आणण्याची गरज नाही. यंत्रमागाच्या प्रत्येक कारखान्यात धागे मोजायचे घडीचे भिंग असते. घरी माग असल्यामुळे माझ्याकडे ते लहानपणापासून आहे. कापडाच्या शीटच्या कडेला धाग्यांच्या नागमोडी रेषा आणि त्यांना छेदणाऱ्या धाग्यांचे बारीक ठिपके स्पष्ट दिसतात. कागदाच्या शीटमध्ये सरळ, सपाट रेषांशिवाय काहीच दिसत नाही. वरचा राळेचा थर हलक्या हाताने घासून काढला, तर ताणा आणि बाणा यांचे धागे इंचात किती आहेत हेही मोजता येते. मोजून ते वहीत लिहावे, कारण वीण जाड की बारीक यावर दात्याची कड कशी निघेल हे अवलंबून असते. अमेरिकेतल्या विद्युत उत्पादकांच्या नेमा या संघटनेच्या वर्गवारीत चौरस यार्डाला चार औंसांपेक्षा जड कापडाला ‘सी’ आणि त्याहून हलक्या, बारीक विणीच्या कापडाला ‘एल’ असा वर्ग आहे. आपल्याकडे फिनॉलिक शीटसाठी आय.एस. २०३६ हे मानक आहे. माझा नियम साधा आहे : दात्याच्या टोकाच्या जाडीत किमान चार-पाच धागे आले पाहिजेत. मोठ्या मॉड्यूलच्या, म्हणजे मोठ्या दात्यांच्या, गिअरला जाड कापड चालते आणि धक्का सोसण्यात ते उजवेही ठरते, पण बारीक दात्यांना ते देऊ नये.

शंका उरलीच तर एक सळी चिमट्यात धरून, उघड्या हवेत, जाळून पाहावी. कार्बोलिकसारखा उग्र वास येऊन ती काळी पडली आणि चुरगळली, तर सुती कापड किंवा कागद. आतून पांढरे, न जळलेले विणकाम शिल्लक राहिले, तर ते काचेच्या कापडाचे शीट आहे आणि ते टायमिंग गिअरसाठी परत पाठवावे, कारण काचेचे कण पोलादी गिअर खातात. हा प्रयोग फक्त नव्या शीटवर करावा. तुटलेल्या जुन्या गिअरवर तो करू नये आणि त्याला कोरडे घासूही नये, कारण जुन्या काळी काही उष्णतारोधक शीटांत अ‍ॅस्बेस्टॉसचे कापड वापरले जात असे.

त्यानंतर घनता पाहावी. सराफी काट्याला बारीक तारेने टांगून तुकडा आधी हवेत आणि मग पाण्यात बुडवून तोलावा. समजा, हवेत २७.२० ग्रॅम आणि पाण्यात ७.१० ग्रॅम भरला, तर २७.२० ला दोन्हींतल्या फरकाने, म्हणजे २०.१० ने भागून १.३५ ही घनता मिळते. चांगले सुती फिनॉलिक शीट याच आसपास असते. आकडा यापेक्षा बराच खाली आला तर थरांत हवा अडकली आहे असे समजावे. कागदाच्या शीटची घनताही जवळपास एवढीच असते, म्हणून ही चाचणी भिंगाच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

राळ पुरती पक्की झाली आहे का, हे पाहण्यासाठी एक तुकडा दोन तास उकळत्या पाण्यात ठेवावा. फोड आले किंवा कड सुटली, तर पुढे एकही चाचणी करण्यात अर्थ नाही.

पाणी, तेल आणि सोलापूरचा उन्हाळा

मानक चाचण्या २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रता गृहीत धरतात. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडखाली पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. तेच शीट ऑगस्टमध्ये ओल धरते. मे महिन्यात मोजलेला नमुना आणि ऑगस्टमध्ये मोजलेला नमुना यांची तुलना केली, तर शीटऐवजी ऋतूंचीच तुलना होते. वातानुकूलित खोली नसल्यास निदान एवढे करावे : तुलनेचे सर्व नमुने एकाच खोलीत दोन दिवस एकत्र ठेवावेत, एकाच दिवशी मोजावेत आणि त्या वेळचे तापमान व आर्द्रता नोंदवावी.

पाणी शोषण्याच्या चाचणीसाठी ५० मिलिमीटर चौरस आणि ४ मिलिमीटर जाडीचे तीन तुकडे घ्यावेत. ते ५० अंशांच्या ओव्हनमध्ये चोवीस तास सुकवून, सिलिका जेलच्या बंद डब्यात गार करून, हजारांश ग्रॅमपर्यंत तोलावेत. मग चोवीस तास २३ अंशांच्या पाण्यात ठेवून, बाहेर काढल्याबरोबर कापडाने टिपून पुन्हा तोलावेत. १३.५८४ ग्रॅमचा तुकडा १३.७७४ ग्रॅम झाला, तर वाढ १.४ टक्के होते. दोन टक्क्यांपुढे गेलेले शीट मी गिअरसाठी वापरत नाही. वजनाबरोबर मायक्रोमीटरने जाडी आणि बाजू दोन्ही मोजाव्यात. थरांना आडव्या दिशेने, म्हणजे जाडीत, फुगणे नेहमी जास्त असते. गिअरच्या प्रतलात ते कमी असते, आणि म्हणूनच थर गिअरच्या चकतीला समांतर ठेवतात.

इंजिनात पाण्यापेक्षा तेल महत्त्वाचे आहे. पूर्ण बुडतील असे नमुने नव्या इंजिन ऑइलमध्ये ठेवून, थर्मोस्टॅट असलेल्या विजेच्या ओव्हनमध्ये १२० अंशांवर सात दिवस ठेवावेत. सुती फिनॉलिकची दीर्घकालीन मर्यादा साधारण याच तापमानाला येते, त्यामुळे ही परीक्षा मुद्दाम कठोर आहे. उघड्या ज्योतीवर तेल तापवू नये, झाकण घट्ट बंद करू नये आणि रात्री कोणी जवळ नसताना यंत्रणा सोडून जाऊ नये. सात दिवसांनी काढलेला तुकडा वजनाने हलका झालेला आढळला तर घाबरू नये. आतली ओल निघून गेलेली असते आणि राळ आणखी थोडी आवळलेली असते. नवीन शीट गरम तेलात आधी आकसते, ही गोष्ट बोअरचे, म्हणजे मधल्या भोकाचे, माप ठरवताना फार उपयोगी पडते. शोअर डी मापकाने कडकपणाही आधी आणि नंतर मोजावा. कडकपणा घटला असेल तर शीट बाद करावे.

जाता जाता एक इशारा. कार्बन काढण्यासाठी इंजिनाचे भाग कॉस्टिक सोड्याच्या गरम हौदात टाकण्याची पद्धत आहे. फिनॉलिक राळ अल्कलीपुढे टिकत नाही, त्यामुळे चांगला गिअर कॅमशाफ्टसकट हौदात गेला तर तो तिथेच संपतो.

पट्टी वाकवून पाहणे, आणि कोणत्या दिशेने

वाकवण्याची चाचणी आयएसओ १७८ प्रमाणे ८० मिलिमीटर लांब, १० मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर जाड पट्टीवर, ६४ मिलिमीटर अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवून, मधोमध भार देऊन करतात. तुटतानाचा भार, टेकूंमधले अंतर आणि तीन यांचा गुणाकार करावा. त्याला रुंदी, जाडीचा वर्ग आणि दोन यांच्या गुणाकाराने भागावे. २१० न्यूटनला तुटलेल्या पट्टीसाठी हे उत्तर १२६ मेगापास्कल येते.

अभियांत्रिकी महाविद्यालयांतली युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन बहुधा सळया ओढण्यासाठी घेतलेली, ४०० किलोन्यूटन क्षमतेची असते. त्या काट्यावर २१० न्यूटन म्हणजे पोत्याच्या काट्यावर वेलदोडे तोलण्यासारखे आहे. लहान लोड सेल असलेली मशीन मिळाली तर उत्तम. नाही मिळाली, तर दोन गोल सळयांवर पट्टी ठेवून तिच्या मध्यावरून आकड्याने बादली लटकवावी, नळीने तीत पाणी सावकाश सोडावे, पट्टी तुटताच नळी बंद करून बादली पाण्यासकट तोलावी. २१० न्यूटन म्हणजे सुमारे साडेएकवीस किलो. बादलीखाली वाळूचे पोते ठेवावे, नाहीतर पाणी पायावर येते, हे अनुभवाने सांगतो.

यात खरी मेख दिशेची आहे. पट्ट्या तीन दिशांनी कापाव्यात : ताण्याच्या दिशेने पाच, बाण्याच्या दिशेने पाच आणि दोन्हींच्या मधून, ४५ अंशांत, आणखी पाच. विणकर घरातल्या कोणालाही हे समजवावे लागत नाही. चादर लांबीत ओढली तर ती ताठ राहते, कोपऱ्यांतून तिरकी ओढली तर लवते. शीटमध्ये राळ हा फरक कमी करते, नाहीसा करत नाही. गिअरचे दाते वर्तुळाभोवती सर्व दिशांना तोंड करून असतात, म्हणून एकाच गिअरमध्ये काही दात्यांच्या मुळाशी धागे सरळ येतात आणि काहींच्या मुळाशी तिरके. गिअर सर्वांत कमकुवत दात्याएवढाच मजबूत असल्यामुळे पंधरा पट्ट्यांची सरासरी काढून समाधान मानू नये. सर्वांत कमी आलेला आकडाच हिशेबात घ्यावा. खास गिअरसाठी केलेल्या चकत्यांत प्रत्येक थर आधीच्या थरापेक्षा काही अंशांनी फिरवून ठेवतात किंवा कापडाचे बारीक तुकडे राळेत कालवून साच्यात दाबतात, ते याच कारणासाठी. अशी चकती मिळत असेल तर शीटपेक्षा तिला पसंती द्यावी.

तेलात सात दिवस राहिलेल्या पट्ट्याही त्याच पद्धतीने तोडाव्यात. मूळ ताकदीच्या चार पंचमांशापेक्षा कमी ताकद उरली, तर मी ते शीट बाजूला ठेवतो. ही मर्यादा माझी आहे, कोणत्या मानकातली नाही.

आपल्या गावच्या मांजरपाटापासून स्वतःच शीट करून पाहण्याचा मोह सोलापुरात कोणालाही होईल. मलाही झाला होता. मागावरून उतरलेले कोरे कापड राळेत बुडवून, दीडशे अंशांच्या आसपास तापवलेल्या प्रेसमध्ये दाबले, आणि थंड झाल्यावर शीटचे थर पापडासारखे सुटून आले. दोष राळेचा नव्हता. ताण्याला लावलेली खळ मी धुतलीच नव्हती आणि खळीने राळ धाग्यात शिरू दिली नव्हती. कापडावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकला असता तर तो काळानिळा झाला असता आणि दिवस वाचला असता. खळ पूर्ण निघाली की तोच थेंब पिवळसर तपकिरी राहतो. एवढे करूनही घरगुती शीट गाडीत बसवण्याच्या योग्यतेचे होईल असे मला वाटत नाही.

एका दात्याची परीक्षा

शीट इथवर पास झाले की एक पूर्ण गिअर कापावा आणि तो तोडण्यासाठीच आहे असे धरून चालावे. कापताना टूल कार्बाइडचे घ्यावे, शीटच्या मागे टेकूची चकती लावावी म्हणजे हॉब बाहेर पडताना थर फुटत नाहीत, आणि धूळ ओढून घेण्याची सोय करावी. या कामाला कूलंट लागत नाही.

आता किती भार अपेक्षावा हे काढू. विल्फ्रेड लुईस यांनी १८९२ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार दात्याची ताकद म्हणजे सुरक्षित ताण, दात्याची रुंदी, मॉड्यूल आणि दात्याच्या आकाराचा गुणांक यांचा गुणाकार. ५० दात्यांच्या, २० अंशांच्या पूर्ण उंचीच्या गिअरसाठी हा गुणांक ०.४०८ आहे. कापड-फिनॉलिकसाठी ६००० पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे ४१ मेगापास्कल, हा स्थिर भाराचा सुरक्षित ताण रूढ आहे. मॉड्यूल ३ आणि रुंदी २५ मिलिमीटर असेल तर स्थिर भार सुमारे १२५५ न्यूटन येतो. वेगासाठी त्याला आणखी एका गुणांकाने गुणावे लागते : ०.७५ ला ‘एक अधिक वेग’ने भागून त्यात ०.२५ मिळवायचे, वेग मीटर प्रति सेकंदात. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर कॅमशाफ्ट १००० घेतो, १५० मिलिमीटर पिच व्यासावर वेग ७.८५ मीटर होतो, गुणांक ०.३३५ येतो आणि चालता सुरक्षित भार सुमारे ४२० न्यूटन उरतो.

तोडण्याच्या चाचणीत मात्र पट्टीने दाखवलेली ताकद वापरावी. सर्वांत कमजोर दिशेची ताकद १२० मेगापास्कल आली असेल, तर दाता सुमारे ३६७० न्यूटनला तुटावा असा हिशेब निघतो. गिअर मजबूत आर्बरवर, म्हणजे बोअरमधून जाणाऱ्या दांड्यावर, पक्का धरावा, ज्या दात्याची परीक्षा आहे त्याच्या शेजारचे दाते कापून जागा करावी, आणि टोकाजवळ पोलादी ठोकळ्याने सावकाश दाबावे. एकास दहा तरफ वापरली तर सुमारे ३७ किलो वजन पुरते. कान उघडे ठेवावेत. पहिला ‘चट’ असा आवाज येतो तोच भार लिहून घ्यावा, कारण सुती धागे तुटलेला दाताही बराच वेळ धरून ठेवतात आणि शेवटचा आकडा खोटा दिलासा देतो. किमान सहा दाते, वर्तुळाच्या वेगवेगळ्या कोनांत निवडून, असे तोडावेत आणि त्यातला एक तरी ताण्याला ४५ अंशांत असावा.

दात्याच्या मुळाशी ताण एकवटत असल्यामुळे प्रत्यक्ष आकडा हिशेबापेक्षा कमी येतो, हे स्वाभाविक आहे. तो निम्म्याच्याही खाली आला तर आधी हॉब तपासावा. मुळाचा कोपरा गोल न निघता टोकदार निघाला असण्याची शक्यता मोठी असते. तुटलेला भाग भिंगाखाली पाहणे हा या चाचणीचा सर्वांत बोलका भाग आहे. धागे फाटून लोंबत असतील तर राळ आणि कापड यांनी मिळून भार घेतला आहे. थर थरावरून स्वच्छ, चकाकत सुटला असेल, तर शीट दाबताना काहीतरी चुकले आहे आणि उरलेले सगळे शीट बाद करावे.

पोलादी हब, म्हणजे शाफ्टवर बसणारा मधला भाग, असलेल्या गिअरमध्ये हब आणि फायबर यांचा जोडही तपासावा, कारण दाते शाबूत असताना हब सैल होऊन टायमिंग सरकल्याची उदाहरणे मी अधिक पाहिली आहेत. वरच्या गिअरला ४२० न्यूटनला ३१.५ न्यूटन-मीटर पीळ बसतो. त्याच्या तिप्पट, म्हणजे एक मीटरच्या तरफेला सुमारे साडेनऊ किलो वजन लावून, दोन्ही दिशांना दहा-दहा वेळा पीळ द्यावा. डायल गेजवर किंचितही कायमची सरक दिसता कामा नये. ही चाचणी तेलात तापवलेल्या गिअरवर पुन्हा करावी.

फिरवून पाहणे

शेवटची परीक्षा चालत्या अवस्थेत घ्यायची असते. भंगारातला ब्लॉक, त्यातला कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह आणि स्प्रिंगा जशाच्या तशा ठेवाव्यात, म्हणजे पिळाची उलटापालट खरी मिळते. कृत्रिम ब्रेक लावून ती मिळत नाही. क्रँकशाफ्टच्या जागी तेवढ्याच व्यासाचा साधा शाफ्ट बसवून तो १४४० फेऱ्यांच्या थ्री-फेज मोटरने, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे उपकरण) ७० हर्ट्झवर ठेवून, सुमारे २००० फेऱ्यांना फिरवावा. तेल ९० अंशांवर ठेवून दात्यांच्या जुळणीवर त्याची धार सोडावी.

जोडीदार गिअरकडे विशेष लक्ष द्यावे. कापड-फिनॉलिकला कडक केलेले पोलाद किंवा बिडाचा गिअर मानवतो. मऊ पोलाद आणि पितळ यांच्याशी त्याची झीज वाढते. पुस्तकांत असेही सापडते की अधातू गिअर शक्यतो चालवणारा असावा, चालणारा नसावा, कारण उलट मांडणीत धातूच्या दात्याची कड फायबरच्या दात्यात रुतते. टायमिंग गिअरमध्ये नेमकी ही उलटी मांडणीच असते : लहान पोलादी गिअर चालवतो आणि मोठा फायबरचा गिअर चालतो. म्हणून पोलादी गिअरच्या दात्यांच्या कडांवरची बर, म्हणजे उरलेली धारदार किनार, बारीक ऑइलस्टोनने काढल्याशिवाय चाचणी सुरू करू नये. माझ्या अनुभवात नव्या फायबर गिअरच्या अकाली झिजेचे सर्वांत मोठे कारण जुना, खडबडीत झालेला क्रँक गिअरच असतो.

सुरुवातीला, नंतर १, १०, ५० आणि १०० तासांनी यंत्र थांबवून त्याच चार खुणा केलेल्या जागी डायल गेजने बॅकलॅश मोजावा, एकदा गरम असताना आणि एकदा पूर्ण थंड झाल्यावर. गिअर टूथ व्हर्नियरने दात्याची जाडीही घ्यावी. पहिल्या दहा तासांत दाते एकमेकांशी जुळवून घेतात, त्यामुळे तेवढ्यातली वाढ मनावर घेऊ नये. दहा ते पन्नास आणि पन्नास ते शंभर या टप्प्यांत वाढीचा वेग घटला पाहिजे. वेग वाढत असेल तर शंभर तासांची वाट न पाहता थांबावे. प्रत्येक वेळी तेल पांढऱ्या सुती कापडातून गाळावे. चिमूटभर तपकिरी भुकटी चालते, पण धाग्यांचे तुकडे दिसले तर दात्याच्या टोकाचे थर सुटू लागले आहेत. हेच धागे पुढे गाडीत ऑइल पंपाची जाळी चोंदवतात.

आवाज मोजण्यासाठी मापक एक मीटरवर ठेवावा आणि गिअर काढून घेतल्यावर येणारा मोटरचा व शेजारच्या शेडचा आवाज त्यापेक्षा किमान दहा डेसिबलने कमी असल्याची खात्री करावी. आमच्या शेडमध्ये हे रविवारीच शक्य होते. तुलनेसाठी त्याच शाफ्टवर, त्याच अंतरावर पोलादी गिअर लावून पुन्हा मोजावे.

शंभर तासांनंतर धक्क्यांची पाळी येते. जुन्या गाड्यांत स्पार्क पुढे-मागे करण्याचा दांडा चालकाच्या हाती असे. तो पुढे राहिला आणि हँडल मारले, की इंजिन उलटा झटका देई आणि तो झटका कॅम गिअरच्या दात्यांवरही जाई. ही स्थिती आणण्यासाठी व्हीएफडी काढून मोटर थेट लाइनवर जोडावी आणि पूर्ण थांबल्यानंतर आळीपाळीने सुलट-उलट अशी पन्नास वेळा सुरू करावी. मग गिअर उतरवून, रॉकेलने धुऊन, प्रत्येक दात्याच्या मुळाशी निळी शाई लावून पुसावी. भेग असेल तर तिच्यात शाई रेघेसारखी उरते. एकाही दात्याला रेघ दिसली तर त्या शीटमधला दुसरा गिअर गाडीत बसवू नये.

इथवर आलेल्या शीटचा बसवायचा गिअर कापताना त्याच शीटचा हातभर तुकडा तारीख घालून वेगळा ठेवावा. गाडी पहिले पाचशे किलोमीटर चालली की ऑइल पॅन उतरवून जाळी पाहावी, बॅकलॅश पुन्हा मोजावा आणि काही विपरीत आढळलेच, तर त्या ठेवलेल्या तुकड्यावर पट्टीची चाचणी पुन्हा करावी.